गाळलेलं गाणं

४ मार्च

ठरवलं एकदाचं. मोठा सिनेमा परत लावायचा. त्याचं खरं नाव पोस्टरवर आहेच, पण आमच्या घरात त्याला कुणी कधी नावाने हाक मारली नाही. घर म्हणजे थिएटरच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. बाबा इथे ऑपरेटर होते. पुढे मालकांनी हात टेकले तेव्हा त्यांनीच थिएटर चालवायला घेतलं आणि त्यांचे गुडघे गेल्यापासून मी चालवते. चालवते म्हणजे ढकलते.

यंदा मोठ्या सिनेमाला पन्नास वर्षं होतात. नुसता दाखवायचा नाही. पडद्याच्या तळाशी गाण्यांचे शब्द येतील आणि लोकांनी बसल्या जागी गायचं, अशी माझी कल्पना. पन्नाशीच्या पुढचा एक माणूस इथे सापडायचा नाही ज्याला ती गाणी पाठ नाहीत. दर सुट्टीत लागायचा ना. न्हावी अजून दाढी करताना बंदराचं गाणं म्हणतो, आणि नेमकं तान घेताना वस्तरा गळ्याशी असतो.

बाबांना सांगितलं. नव्वदीचा माणूस, वाटलं खूश होईल. म्हणाले, "कशाला?" आणि खिडकीकडे तोंड करून बसले. ऐकू कमी येतं असं सगळ्यांना सांगतात, पण हे बरोबर ऐकलं.

६ मार्च

सकाळी डोळा लागला होता तर बाबांची शीळ. जिन्याचं गाणं. चहाला जरा उशीर झाला की सुरू. मी म्हटलं, आले, आले, दम धरा.

हे गाणं मोठ्या सिनेमातलंच. दीपगृहाचा रखवालदार आणि त्याच्या दोन मुली, अशी गोष्ट आहे. धाकटी किटली घेऊन दीपगृहाचा गोल जिना चढते आणि प्रत्येक वळणावर एक कडवं म्हणते: ‘खाली पाणी, वर आभाळ, मध्ये मी नि माझी किटली.’ वर बाप सगळं ऐकत असतो, पण ऐकलंच नाही असं दाखवतो, म्हणजे ती आणखी एक कडवं म्हणेल. लोक हसून हसून बेजार व्हायचे. मी लहान असताना हे गाणं आलं की बाबा मला केबिनमध्ये हाक मारायचे आणि उचलून मशीनशेजारच्या चौकोनी झरोक्याला लावायचे. मोठी होऊन उचलेनाशी झाले तेव्हा स्टूल आणलं. ते स्टूल अजून आहे. एक पाय हलतो.

९ मार्च

रविवार, म्हणजे ताईचा फोन. बाबा गोळ्या घेतात का, पाय सुजतात का. बाबा समोरच बसलेले असतात. देऊ का म्हटलं तर म्हणते, राहू दे, झोपले असतील. भर दुपारी. आणि बाबा इकडे पेपर उलटसुलट करत कान देऊन बसतात. दोघांच्या मधली तार मी. फोन माझ्यासाठी कधीच लागलेला नसतो, नुसतं जोडून द्यायचं.

ताई अठराव्या वर्षी नर्स व्हायला मोठ्या शहरात गेली. बाबांना ते नको होतं. का नको होतं कुणी सांगितलं नाही आणि मी नऊ वर्षांची, मला कोण विचारतंय. मोठा सिनेमा लागला त्याच दिवशी सकाळच्या बसने ती गेली. बाबा केबिनमधून खाली उतरले नाहीत. आईने आणि मी ट्रंक उचलली. पुढे आई वारली तेव्हा ताई आली होती, तेव्हाही ती दोघं एका खोलीत बसून एकमेकांशी बोलली नाहीत.

आज सिनेमाचं सांगितल्यावर तिने जुनंच काढलं. म्हणाली, सिनेमातला बाप निदान गायला तरी. हे तिचं खूळ आहे. ती म्हणते, मोठी मुलगी होडीतून निघते तेव्हा बाप वर दिव्यामागे उभा राहून गातो. असं गाणंच नाही त्यात, रेडिओवरही कधी ऐकलं नाही. मी तो सिनेमा किती वेळा पाहिला असेल याला सुमार नाही. होडी निघते, बाप खाली येत नाही, आणि लगेच शहराचे दिवे दिसतात. संपलं. यावरून आमचं आयुष्यभर भांडण आहे. एकदा तर तिने वर्षभर फोन केला नव्हता, मी बाबांची बाजू घेऊन तिला खोटं पाडते म्हणून. आज मी गप्प बसले. साठीला टेकल्यावर नसलेल्या गाण्यावरून कुठे भांडायचं?

१३ मार्च

शब्द लिहायचं काम चालू. कंपनीने नुसता सिनेमा देणार म्हणून कळवलंय, शब्द तुमचे तुम्ही बघा. न्हाव्याला बसवलं, तो म्हणत गेला, मी लिहीत गेले. छत्र्यांच्या गाण्यात आम्हा दोघांची जुंपली, ‘भिजलो’ की ‘भिजले’ म्हणून. बाबांना विचारलं तर म्हणाले, भिजले. तिसऱ्या कडव्यात भिजलो. आणि परत खिडकीकडे.

शेवट लिहिताना नेहमीचाच प्रश्न आला. शेवटी वादळात मोठी मुलगी परत येते, किनाऱ्यावर उभी राहून काहीतरी गुणगुणते, आणि बाप धडपडत जिना उतरतो. ती काय गुणगुणते? सिनेमात आधी कुठे ती चाल येत नाही. न्हावी म्हणाला, संगीतकाराची लहर. मला तो शेवट कधी पटला नाही. एवढा अडेल म्हातारा, आणि कुठल्यातरी परक्या चालीवर विरघळला?

१८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहिते.

सिनेमा आला. आता रिळांचे डबे नसतात, पुस्तकाएवढी एक पेटी येते. मशीन आता फ्यूज सांभाळतो. केस पांढरे झाले तरी सगळे त्याला फ्यूजच म्हणतात. तो म्हणाला, बाई, लांबी जास्त दाखवतंय. मी म्हटलं, कंपनीने आपल्या जाहिराती घुसडल्या असतील. मग ट्रायल लावली. आमच्याकडे पहिल्यापासून रीत आहे, नवा सिनेमा आला की लावायच्या आदल्या दिवशी रिकाम्या थिएटरात चालवून बघायचा आणि त्याला फक्त घरचीच माणसं. यंदा लवकर लावली कारण शब्द बसवायचे होते. बाबांना विचारलं, ते गुडघे दुखतात म्हणाले.

होडी निघाली. आता शहराचे दिवे येणार म्हणून मी चष्मा पुसायला घेतला, आणि दिवे आलेच नाहीत. बाप आला. वर, त्या मोठ्या दिव्याच्या मागे उभा, काच पुसतोय. पुसायचं काही नाही, काच लख्ख आहे, तरी पुसतोय. आणि गायला लागला. वाद्यं जवळजवळ नाहीतच.

‘वळून मागे बघू नको गं, वाट तुझी ती पुढेच आहे,
बघावंसं वाटलंच तर मग, दिवा इथे मी धरून आहे.’

होडीतली मुलगी खालच्या बंद दाराकडेच बघते. वर बघतच नाही. तिला वाटतं, बाप आलाच नाही. गाणं संपेपर्यंत होडीचा कंदील ठिपक्याएवढा होतो.

मी उभी होते ती उभीच राहिले. रडू आलं, चक्क हुंदके देऊन. इतकी वर्षं ज्या माणसाला दगड म्हणत आले तो असा निघाला. आणि शेवटी किनाऱ्यावर ती जे गुणगुणते ते हेच. म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. आम्हालाच तेवढं गेलं नव्हतं.

फ्यूज जिन्यावरून विचारत होता, बाई, हे कुठलं मधेच?

म्हणजे ताई खरं बोलत होती.

१९ मार्च

बाबांना सरळ विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "शेवटच्या बसला उशीर व्हायचा. लांबची माणसं अडकायची. एक गाणं कमी करत होतो."

हे तेव्हा सगळीकडेच चालायचं, ते मला ठाऊक आहे. नको तो तुकडा कापायचा, दोन टोकं जोडायची, तुकडा गोल डब्यात जपून ठेवायचा आणि प्रिंट परत पाठवण्याआधी होता तिथे चिकटवायचा, म्हणजे कंपनीला पत्ता लागत नाही. बाबांचा हात इतका साफ की जोड बोटाला लागायचा नाही. दर वर्षी कापायचे, दर वर्षी जोडायचे. आता आठवतं, सिनेमाच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते थिएटरचं दार आतून लावून घ्यायचे. जोड तपासतोय म्हणायचे. मी बाहेर पायऱ्यांवर बसायचे, आणि आतून बारीक गाणं यायचं, कधी कधी संपून पुन्हा पहिल्यापासून. एका जोडाला इतकं काय तपासायचं? पण बाबा कामाचे पक्के.

मी रागावले थोडी. बससाठी काढायचंच होतं तर छत्र्यांचं काढायचं, ते किती लांबलंय. बाबांनी पेपरची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "चिमे, यंदाही तेवढं गाळता येईल का?"

नव्वदीच्या माणसाला किती छळायचं. फ्यूजला विचारलं. तो म्हणाला, कापायला येणार नाही, पण तेवढं ओलांडून पुढे जाता येईल. तसं करायचं ठरवलं. मनातून पटलं नाही. पण इथल्या लोकांना ते गाणं माहीतच नाही, त्यांचं काही अडणार नाही.

२० मार्च

रविवारची वाट न बघता ताईला फोन केला. कबूल केलेलं बरं. म्हटलं, तू जिंकलीस, गाणं आहे, बाबांनी कापलं होतं.

 मला वाटलं फोन कटला. मग तिने विचारलं, "कधी कापलं?"

पहिल्या खेळापासूनच, मी म्हटलं, त्यामुळे इथे कुणीच पाहिलेलं नाही. तेव्हाच्या ट्रायलला तेवढं असणार. तिने सांगितलं की ट्रायलला ती होती. मला ताप होता, आई माझ्याजवळ वर. खाली रिकाम्या थिएटरात ती एकटी आणि केबिनमध्ये बाबा. गाणं संपल्यावर तिने मागे झरोक्याकडे बघितलं होतं, पण उजेडामुळे दिसलं काही नाही. तिला वाटलं होतं, हे पाहिल्यावर तरी सकाळी बसपर्यंत येतील.

"म्हणजे मी बसमध्ये बसले तेव्हा ते वर कापत होते," असं म्हणाली.

मी म्हटलं, हो, पहिला खेळ दुपारचा, तयारी नको का करायला?

 मग तिने विचारलं, तिकीट आहे का शिल्लक? तिकिटाचं काय घेऊन बसलीस, मी म्हटलं. भांडण जिंकलं की माणसाला कसा हुरूप येतो बघा. इतक्या वर्षांत मी किती वेळा बोलावलं तेव्हा आली नाही.

२४ मार्च

रिटायर झालेला कंडक्टर तिकीट न्यायला आला. आमच्या शेवटच्या बसवर हाच असायचा. मी म्हटलं, तुमच्या बसने आमचं एक अख्खं गाणं खाल्लं हो. बाबांचं सगळं सांगितलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काहीतरीच. थिएटर सुटल्याशिवाय मी बस कधी काढली नाही. तुझ्या बाबांचा नि माझा ठरावच होता. ते केबिनचा दिवा दोनदा मिचकवायचे, मग मी घंटी मारायचो."

म्हातारपणी माणसं आपलं महत्त्व वाढवून सांगतात. वर जाऊन बाबांना सांगितलं, कंडक्टर असं असं म्हणतो. बाबा म्हणाले, त्याची स्मरणशक्ती गेली आता. मलाही तसंच वाटतं. तरी बाहेर पडताना त्याने घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली, मांजराचीसुद्धा.

२७ मार्च

ताई येणार हे बाबांना सांगायला मी आठवडा लावला. आज जेवताना बोलून टाकलं. बाबांचा भाताचा घास हातातच राहिला. मग विचारलं, एकटी येतेय? कुठे बसवणार? मी म्हटलं, मधल्या रांगेत, कडेची खुर्ची. ते म्हणाले, तिथून पडदा तिरका दिसतो, मधली दे.

संध्याकाळी न्हाव्याला वर बोलावलं. दाढी कालच झाली होती. न्हावी गेल्यावर मला हाक मारली. म्हणाले, "चिमे, सगळं दाखव. काही गाळू नकोस."

"आणि गुडघे? तुम्ही बघणार कुठून?"

"केबिनमधून. माझी जागा तीच आहे."

आता ऐन वेळी त्या गाण्याचे शब्द कुठून आणू? कोणालाच पाठ नाही, आणि ऐकून उतरवायला बसले तर मला रडू येतं, दोन ओळींच्या पुढे सरकत नाही. राहू दे म्हटलं, तेवढ्यात लोक पाणी पितील.

३० मार्च

उशीर झालाय, तरी लिहूनच झोपते.

बाबांना फ्यूजने आणि न्हाव्याने खुर्चीसकट केबिनमध्ये चढवलं. वर गेल्यावर खुर्ची नको म्हणाले, ते मोडकं स्टूल मागितलं. ताई बसने दुपारीच पोहोचली. केस पूर्ण पांढरे, चाल मात्र तीच, वॉर्डात उशीर झाल्यासारखी. तिला वर चल म्हटलं तर म्हणाली, आधी सिनेमा. हट्ट कुठून आला ते सांगायला नको.

थिएटर भरलं. लोक असे गायले की पंख्यांवरची धूळ पडली. बंदराच्या गाण्याला न्हावी खुर्चीवर उभा. छत्र्यांच्या गाण्याला बँकेतल्या बाईने खरीच छत्री उघडली आणि मागच्यांनी ओरडा केला. जिन्याच्या गाण्याला मी सवयीने वर झरोक्याकडे पाहिलं, तर तिथून हात हलला. मला चढून जायचं होतं, पण बॅटरी घेऊन दारात उभं राहायला दुसरं कोण होतं?

मग होडी निघाली. सगळ्यांनी पुढच्या, शहराच्या दिव्यांवरच्या गाण्यासाठी श्वास भरून घेतला, आणि पडद्यावर बाप आला, काच पुसत. तळाशी शब्द नाहीत. एवढं भरलेलं थिएटर, आणि एक आवाज नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांना हा सिनेमा शब्दन् शब्द पाठ, त्यांना हे गाणं कुठून माहीत असणार?

दुसऱ्या ओळीला मागून, वरून, कुणीतरी गायला लागलं. फाटका, थकलेला आवाज, पण एक शब्द चुकत नव्हता. पडद्यावरच्या बापाच्या अर्ध्या श्वासाआधीच त्याला पुढचा शब्द ठाऊक. बाबा. मी जन्मात त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. शिळेच्या पुढे कधी गेले नाहीत ते.

‘वळून मागे बघू नको गं’ ही ओळ फिरून आली, आणि ताई वळली. सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं आणि ती एकटी उलटी, झरोक्याकडे तोंड करून उभी. मशीनचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, डोळे मिटले नाहीत तिने. गाणं संपेपर्यंत तशीच. मग रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर आली आणि केबिनचा लोखंडी जिना चढून गेली. मी बॅटरी दाखवली. तिला लागली नाही.

वर काय झालं मला माहीत नाही. फ्यूज लगेच खाली आला आणि पायरीवर बसून नाक शिंकरत राहिला. विचारलं तर म्हणाला, म्हातारा एवढंच म्हणाला, मी बघत होतो, बस वळेपर्यंत.

केबिनच्या मागच्या खिडकीतून स्टँड दिसतो, हे खरं आहे. माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

शेवटी किनाऱ्यावर ती मुलगी गुणगुणायला लागली तेव्हा पुढच्या रांगेतला कंडक्टर पहिल्यांदा गुणगुणला, मग न्हावी, मग सगळे. एकदाच ऐकलेली चाल, पण चुकली नाही कुणाची. खेळ सुटला तेव्हा केबिनचा दिवा दोनदा मिचकला. कंडक्टरने माझ्याकडे भुवया उडवून पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माफी मागेन उद्या.

३१ मार्च

ताई वरच राहिली. ती आणि बाबा बोलत होती, मला झोप लागली तरी बोलत होती. मला जरा एकटं वाटलं, लिहायला काय हरकत आहे. इतकी वर्षं मी इथे आणि गाणं कापलं गेलं ते तिच्यासाठी. जो घरातच असतो त्याच्यासाठी कोण गाणार? असो. दोघं बोलताहेत, हे पुरे.

सकाळी उठायला उशीर झाला. चहा टाकते तोच बाबांची शीळ. जिन्याचं गाणं, पहिल्या कडव्यापासून.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे अजून वाजवतात?"

"रोज. तू गेल्यापासून एक सकाळ चुकलेली नाही."

"आणि का वाजवतात असं वाटतं तुला?"

"चहा हवा असतो," मी म्हटलं. "धीर म्हणून नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. काल रात्रीच्या जागरणाने झालं असेल. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, चिमे, तू पण ना. मी म्हटलं, बाजूला हो, दूध उतू जातंय.

चहा नेऊन दिला तशी शीळ थांबली. बाबांनी कप शेजारी ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. तो तसाच गार होणार. रोज होतो. मग एवढी घाई कशाला करतात कोण जाणे.